पेन्सिलीचा रकाना

मला इथे सगळे फ्यूज म्हणतात. मी दवाखान्यातला वायरमन आहे म्हणून नव्हे, माझं डोकं चटकन उडतं म्हणून. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणाबद्दल वेडंवाकडं बोललो तर ‘हे काय बोलणं झालं?’ असं म्हणू नका. आणि गोष्ट माझी नाहीच, आमच्या वहिनींची आहे. मी तिच्यात आहे तो एका गाढवपणापुरता, आणि तोही मी लपवणार नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ घड्याळं दुरुस्त करतो आणि स्वतः कुठेही वेळेवर पोचत नाही, तेव्हा घर वहिनीच चालवतात. सव्वीस वर्षं त्या या दवाखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होत्या. जिन्याखालची खोली, एवढीशी, की आत दोघं असले तर एकाने श्वास घेताना दुसऱ्याने सोडावा. समोर बोर्ड, कानाला हेडफोन, मांडीवर रजिस्टर. एखादा डॉक्टर फोन उचलून नुसतं ‘जरा घरी लावून द्या’ म्हणाला, तरी कुणाचं घर हे वहिनींना विचारावं लागत नसे. एक सर्जन तर अंघोळ करून निघताना घरूनच फोन करायचे, ‘बाई, माझा वॉर्ड आज कुठे आहे हो?’ आणि वहिनी सांगायच्या.

हसू नका, प्रश्न बरोबर होता. आमच्याकडे वॉर्ड एका जागी टिकतच नाहीत. रंगकाम वर्षभर चालू असतं, एक खोली झाली की दुसरी. ज्या खोलीला रंग, तिथला वॉर्ड उठून दुसरीकडे जातो, तिथला तिसरीकडे. मग कुठे गळतं, कुठे नव्या डॉक्टरांना खिडकी हवी असते. डोळ्यांचा वॉर्ड सलग दोन वर्षं एका खोलीत राहिलेला मी पाहिलेला नाही. माणसं हलतात, खाटा हलतात, पण भिंतीतला फोन मात्र होता तिथेच राहतो.

म्हणून वहिनींचं ते रजिस्टर. त्यात तीन रकाने. पहिल्यात कोण, दुसऱ्यात आज कुठल्या नंबरवर, तिसऱ्यात कुठल्या लाइनने जायचं. लॅब रस्त्यापलीकडे आणि रक्तपेढी मागच्या अंगाला, दोघांचे बोर्ड वेगळे. रस्त्याखालची लाइन रुसली तर लॅबला रक्तपेढीवरून वळसा घालून जावं लागे, ते तिसऱ्या रकान्यात. पहिला रकाना शाईने लिहिलेला. उरलेले दोन पेन्सिलीने. रोज सकाळी पावणेआठला वहिनी एकेका वॉर्डला फोन करून ‘आज कुठे?’ विचारायच्या, खोडरबर चालवायच्या आणि नवा नंबर लिहायच्या. दुसऱ्या रकान्यातला कागद खोडून खोडून इतका पातळ झाला होता, की मागच्या पानावरचं दिसे.

तर असं सगळं सुखाने चाललं असताना मोठ्या बाईंच्या मनात आलं, की दवाखाना, लॅब आणि रक्तपेढी यांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे. मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्रशासक. कल्पना वाईट नव्हती हो. रिपोर्ट हातात धरून रस्ता ओलांडायचा, हे किती दिवस चालणार? अडचण एवढीच, की तिन्ही ठिकाणचे कॉम्प्युटर तीन वेगळ्या वेळी, तीन वेगळ्या लोकांनी बसवलेले. लॅबची यंत्रं अकरा वर्षांची, त्यांना आठ अक्षरांपेक्षा लांब नाव झेपत नाही. आमच्याकडे नुसते नंबर. रक्तपेढीचा थाट निराळाच, त्यांनी यंत्रांना फुलांची नावं दिलेली. आणि बाईंनी त्याच बैठकीत दुसरीही गोष्ट जाहीर करून टाकली: जोडणी झाली की फोनही त्यावरूनच, एक्स्चेंज बंद. वहिनींनी कापडखोलीत जायचं, चादरी आणि उशांचे अभ्रे मोजून द्यायला. नोकरीची साडेतीन वर्षं उरली होती.

त्या दिवशी घरी वहिनींनी चहात दोनदा साखर घातली आणि भावाने तो तसाच, तोंड वाकडं न करता प्यायला. मला मात्र राहवलं नाही. ‘सव्वीस वर्षं सगळ्या दवाखान्याला जागेवर पोचवलंत आणि आता तुम्हालाच अडगळीत टाकतायत!’ मी ओरडलो. वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, चादरीही कुणीतरी द्यायलाच लागतात.’ पण आवाज नेहमीचा नव्हता. कोण कुठे आहे हे आपल्याला ठाऊक आहे, यात त्यांचा सगळा जीव होता. चादरींत कुठून असणार?

जोडणी करायला एक इंजिनिअर आले. हुशार, सरळ मनाचे, पण काहीही विचारा, ‘लगेच होईल’ हे उत्तर. तिसऱ्या दिवशी त्यांचं नाव लगेचसाहेब पडलं. चौथ्या दिवशी त्यांनी तिन्ही वायरी एकत्र जोडल्या आणि जी काय धमाल उडाली म्हणता! लॅबमधला बारा नंबर म्हणजे रक्त तपासायचं यंत्र. आमच्याकडचा बारा नंबर म्हणजे स्वयंपाकघर. दोघं आपापल्या घरात सुखात होते, एकत्र आल्यावर कोण कुठला बारा हे कुणालाच कळेना. स्वयंपाकघरातल्या प्रिंटरमधून कुणाचं तरी हिमोग्लोबिन बाहेर पडायला लागलं, आणि लॅबच्या मुख्य बाईंच्या हातात कागद आला: ‘बिनमिठाचं चौदा, पातळ नऊ, एकाला अंडं नको.’ त्यांनी तो कागद मोठ्या बाईंच्या टेबलावर आपटला म्हणतात. मी पाहायला नव्हतो, पण आवाज दुसऱ्या मजल्यावर आला.

लगेचसाहेब म्हणाले, सगळ्यांचे नंबर नव्याने घालू. लॅबच्या बाई म्हणाल्या, माझ्या अकरा वर्षांच्या नोंदींवर हे नंबर आहेत, हात लावून तर बघा. रक्तपेढीवाले म्हणाले, आमचा मोगरा मोगराच राहणार. बिचाऱ्या लगेचसाहेबांच्या नाकी नऊ आले. शेवटी एका दुपारी दमून जिन्याखाली आले आणि वहिनींकडे पाणी मागितलं. मी तिथेच एक सॉकेट बदलत होतो, म्हणून पुढचं सगळं या कानांनी ऐकलेलं आहे.

वहिनींनी पाणी दिलं आणि विचारलं, ‘तुमच्या घरी काका आहेत?’

‘आहेत की.’

‘आमच्याकडेही आहेत. हे बसलेत ते,’ माझ्याकडे बोट दाखवून. ‘माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरं एकत्र जमली. मी म्हटलं, काका, जरा इकडे या, तर पाच जण उठून उभे राहिले. म्हणून काय पाचांची नावं बदलली का आम्ही? घरात नुसतं काका पुरतं. दुसऱ्या घरासमोर, कुणाचे काका ते आधी सांगायचं. तुमच्या बाराला लॅबमध्ये बाराच राहू दे. उंबरा ओलांडताना म्हणू दे, लॅबचा बारा. आणि उंबऱ्यावर एक जण बसवा, दोन्ही घरांची बोली समजणारा.’

लगेचसाहेबांचा पाण्याचा पेला हातातच राहिला. वहिनींचं चालूच होतं. ‘आणि नंबर तरी लोकांनी का पाठ करायचे? लॅबला पाठवायचंय मुलांच्या वॉर्डाला. तिने मुलांचा वॉर्ड म्हणावं. तो आज कुठे आहे आणि तिथे कसं जायचं, ते बघणारा दुसरा.’ असं म्हणून त्यांनी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. तीन रकाने. साहेबांनी पानामागून पान उलटलं. मग जरा चाचरत म्हणाले, ‘बाई, हे मला काही दिवस मिळेल?’

मी मनातल्या मनात किंचाळलो. साहेबांची पाठ वळल्याबरोबर वहिनींना म्हटलं, ‘देऊ नका! याच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. हातात रजिस्टर आहे तोवर तुमची खुर्ची आहे. दिलंत की गेलात!’

‘न देऊन काय होईल? चुकीच्या दारात रिपोर्ट जातील.’

‘जाऊ देत!’

‘भाऊजी,’ वहिनी म्हणाल्या, ‘जाऊ देत असं म्हणायचं नसतं.’

आणि दिलं. नुसतं दिलं नाही, आठ दिवस शेजारी बसून एकेक ओळ समजावली. सकाळच्या फोनचंही सांगितलं: दुसरा रकाना रोज विचारून लिहावा लागतो. साहेब म्हणाले, ‘यंत्र आहे ना, लगेच होईल.’ मी हात टेकले. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं पाहिली आहेत, पण धोंडा उचलायला दुसऱ्याला मदत करणारी ही पहिलीच.

महिन्याच्या एक तारखेला जोडणी सुरू झाली आणि लोण्यातून सुरी फिरावी तशी चालली. लॅबमध्ये ‘मुलांचा वॉर्ड’ एवढं लिहिलं की कागद रस्त्यापलीकडून थेट वॉर्डातल्या प्रिंटरमधून बाहेर. बारा आणि बारा पुन्हा भांडले नाहीत. मोगराही खुश. वहिनी कापडखोलीत गेल्या. तळघरात जायच्या वाटेवरची खोली, तीन बाजूंना फळ्या, चौथ्या बाजूला काउंटर. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिथली रचना बदलली आणि चादर मागायला आलेली प्रत्येक सिस्टर दहा मिनिटं गप्पा मारून जायला लागली. त्या हसायच्या, पण मधेच फोन वाजला की हात कानाकडे जायचा. मला ते बघवत नसे.

आता माझा गाढवपणा.

दहाव्या दिवशी रंगारी मुलांच्या वॉर्डात शिरले. आदल्या दिवशी वॉर्ड पहिल्या मजल्यावरून तिसऱ्यावर हलला. हे मला कसं ठाऊक? वरच्या खोलीतले दिवे आणि प्लग मीच तर तपासून दिले. आणि काम करता करता माझ्या ध्यानात आलं, की लगेचसाहेबांनी तिन्ही रकाने सारखेच उतरवून घेतलेत. कुठला शाईचा, कुठला पेन्सिलीचा, आणि का, हे त्यांच्या डोक्यात शिरलेलंच नाही. वरच्या कॉम्प्युटरवर पाहिलं, तर त्यांच्या यंत्रात मुलांचा वॉर्ड अजून पहिल्या मजल्यावरच होता. सिस्टरला वाटलं, यंत्राला कळत असेल. साहेबांना वाटलं, काही असेल तर कुणीतरी सांगेल. ते तेव्हा जिन्यात मला भेटले देखील. ‘काय फ्यूज, सगळं ठीक?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘एकदम ठीक.’ मनात म्हटलं, आता बघ मजा. आता येशील वहिनींच्या पाया पडत.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्या दहाव्या दिवशीच, साडेदहाला मुलांच्या वॉर्डातली सिस्टर चादरी घ्यायला कापडखोलीत आली. मी तिथेच होतो, ट्यूब बदलायला. बोलता बोलता सिस्टर म्हणाली, ‘सहा वर्षांची एक मुलगी आहे, पहाटेपासून अंग तापलंय, मलूल पडलीय. डॉक्टर रिपोर्टसाठी अडलेत, त्याशिवाय पुढचं औषध देता येत नाही. लॅब म्हणते नऊलाच पाठवला. माझ्याकडे तर काही नाही.’

वहिनींच्या हातातली चादर खाली पडली. ‘वॉर्ड कधी हलला?’

‘काल दुपारी.’

पुढचं ऐकायला त्या थांबल्याच नाहीत. छप्पन्न वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून घरी पाटावर बसत नाही, ती दोन-दोन पायऱ्या चढत पहिल्या मजल्यावर गेली. मी मागे. रिकाम्या वॉर्डात रंगारी शिडीवर, आणि कोपऱ्यात प्रिंटरवर रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून घातलेलं फडकं. वहिनींनी ते ओढलं. खाली तीन कागद. सगळ्यात वरच्यावर लाल अक्षरांत ‘तातडीचे’. दीड तास तो कागद तिथे, फडक्याखाली पडून होता. वहिनींनी तो उचलला आणि तशाच तिसऱ्या मजल्यावर गेल्या. मी तिथे शिडीशी उभा राहिलो. मजा, मजा म्हणत होतो ती ही होती.

मुलगी वाचली हो. औषध सुरू झालं, दुपारी ताप उतरला, संध्याकाळी तिने बिस्किट मागितलं. हे आधीच सांगतो, कारण तेव्हा ते मला ठाऊक नव्हतं आणि ती दुपार मी कशी काढली ते माझं मला माहीत.

वहिनी खाली आल्या तेव्हा मी कापडखोलीच्या दाराशी होतो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना फार विचारावं लागत नाही. ‘वरचे प्लग तुम्ही तपासलेत ना?’ एवढंच म्हणाल्या. मी मान हलवली.

‘तुम्ही हे माझ्यासाठी केलंत, हे मला कळतं. म्हणून तर जास्त राग येतोय. माझ्या खुर्चीसाठी ती पोर तशी पडून राहिली, असं आयुष्यभर माझ्या डोक्यावर ठेवायचं होतं का तुम्हाला?’ आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. ‘वर मोठ्या बाईंनी साहेबांना बोलावलंय. ते एकटेच बोलणी खातील. जाऊन सांगा. नाहीतर मी सांगेन.’

गेलो. लगेचसाहेब भिंतीशी उभे, चेहरा पांढराफटक, पहिल्यांदाच त्यांच्या तोंडात ‘लगेच’ नव्हतं. मी म्हटलं, ‘बाई, वॉर्ड हलल्याचं मला ठाऊक होतं. यंत्रात चुकीचं आहे हेही ठाऊक होतं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.’ बाईंनी चष्मा काढला. कारण विचारलं, तेही सांगितलं. मग जी काय झाडाझडती झाली! लेखी ताकीद मिळाली, फाइलला लागली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही, उलट पाठीवरचं ओझं उतरलं.

पण साहेबांनीही आपली चूक पदरात घेतली. म्हणाले, ‘बाई, चूक यांच्या आधी माझी आहे. मी वही उतरवून घेतली, वही लिहिणारं माणूस सोडून दिलं. कोण कुठे आहे हे यंत्र सांगेल, पण त्याला रोज कुणीतरी खरं सांगायला हवं. नाहीतर ते कालचंच ठासून सांगत राहणार. मला त्या बाई परत हव्यात.’

मोठ्या बाईंनी वहिनींना वर बोलावलं. जिन्याखालची खोली तोवर जुन्या फायलींना देऊन झाली होती, म्हणून कॉम्प्युटरच्या खोलीत टेबल देऊ केलं, काम तेच: कोण, कुठे, कसं. साडेतीन वर्षं पुरी होईपर्यंत. वहिनींचे डोळे भरून आले ते मी पाहिलं. आणि ही बाई काय म्हणाली असेल? ‘येते. पण वॉर्ड हलला की तिथल्या सिस्टरने स्वतः यंत्रात कळवायचं, तेवढं साहेबांनी करून द्यावं. मी रोज सकाळी पडताळून बघेन. मी आजारी पडले तर कुणाचं अडायला नको.’ पुन्हा धोंडा! पण या खेपेला मी जीभ चावली.

माझ्याशी मात्र तीन दिवस बोलणं बंद. घरी एका टेबलाशी जेवायचो, मीठ हवं तर भावाकडून यायचं. भाऊ दोघांच्या मधे बसून निरोप्याचं काम करायचा आणि त्यातही चुकायचा.

चौथ्या दिवशी सकाळी वर्कशॉपमधला फोन वाजला.

‘भाऊजी,’ वहिनींचा आवाज, अगदी बोर्डावरचा. ‘डोळ्यांचा वॉर्ड हलणार असं ऐकतेय. खरं का?’

त्यांना आधीच ठाऊक होतं. सिस्टरने आदल्या संध्याकाळीच कळवलेलं होतं, मी यंत्रात पाहिलं होतं. मी म्हटलं, ‘खरं आहे. नऊ वाजता, दुसऱ्या मजल्यावर, उजवीकडची खोली. प्रिंटर खिडकीखाली आहे. तिथले दोन प्लग चालत नाहीत, ते परवाच करायला हवे होते, माझ्याकडून राहिले. साडेआठपर्यंत करतो. आणि हे मी आधी स्वतःहून सांगायला हवं होतं, तुम्ही विचारायची वाट पाहिली, तेही चुकलं.’

मग त्या हसल्या, मोठ्याने, मागे लगेचसाहेबांनी ‘काय झालं?’ विचारलेलं मला फोनमध्ये ऐकू आलं.

‘काही नाही,’ वहिनी त्यांना म्हणाल्या, ‘आमच्याकडचे काका आहेत.’

मी फोन ठेवला, पक्कड उचलली आणि दुसऱ्या मजल्यावर गेलो.